बाल्साचे विमान : बांधणी, चुका आणि दुरुस्ती

बाल्सा हे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या उष्ण, दमट प्रदेशांत वाढणारे झाड आहे. जगाच्या बाजारात येणारे बहुतेक बाल्सा इक्वाडोरचे असते. लावल्यापासून पाच-सात वर्षांत हे झाड तोडणीला येते, आणि ओल्या ओंडक्याच्या वजनात लाकडापेक्षा पाण्याचाच वाटा मोठा असतो. भट्टीत हे पाणी काढून टाकले की मागे उरतात त्या मोठ्या पोकळ पेशी आणि त्यांच्या पातळ भिंती. सागाचे लाकूड घनमीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास भरते. छोट्या विमानांसाठी वापरायचे बाल्सा साधारण 100 ते 200 किलो भरते. इतके हलके असूनही तंतूंच्या दिशेने ते ताठ असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने वापरलेल्या ‘मॉस्किटो’ या विमानाचे धड बर्चच्या प्लायवूडच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्साचा गाभा घालून तयार केले होते. खेळण्याचे लाकूड म्हणून बाल्साकडे पाहणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवलेले बरे.

याच लाकडाच्या खोडीही तितक्याच ठळक आहेत. नखाचा दाब पडला तरी त्यावर खळगा उमटतो. ब्लेडची धार गेलेली असेल तर ते कापले न जाता चुरडते. तंतूंच्या रेषेत ते सहज चिरते, दमट हवेत फुगते, आणि एकाच बाजूने ओले झाले की वाकते. बांधणीत होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ या स्वभावात आहे. दुरुस्तीचा मार्गही त्यातूनच निघतो. दबलेल्या जागेवर पाण्याचा थेंब ठेवून वरून गरम इस्त्रीचे टोक हलकेच फिरवले की चेपलेल्या पेशी पुन्हा फुगतात आणि खळगा भरून येतो. वाफ दिली की वाकलेली पट्टी सरळ होते. तुटलेला भाग तिरका कापून नवा तुकडा जोडला तर सांधा मूळ लाकडाइतका भक्कम होतो. घरातल्या टेबलावर, ब्लेड, टाचण्या आणि गोंद एवढ्याच सामग्रीवर जवळपास कोणतीही चूक निस्तरता येते, ही सोय फायबर किंवा फोमच्या साच्यातल्या विमानात नाही. बाल्साचे विमान बांधायला शिकणे म्हणजे निम्म्याने ते दुरुस्त करायलाच शिकणे असते, आणि या विषयाच्या पुस्तकांनी दुरुस्ती शेवटच्या पानावर ढकलू नये.

लहान विमाने बाल्साच्या आधीही उडत होती. 1871 साली पॅरिसच्या त्विलेरी बागेत आल्फोंस पेनो या फ्रेंच तरुणाने पीळ दिलेल्या रबरावर चालणारे विमान 11 सेकंद उडवून दाखवले. ते आपले आपण स्थिर राहून उडाले, याचे कारण त्याच्या रचनेत होते : पंखांची टोके किंचित वर उचललेली आणि शेपटीचा आडवा पंख मुख्य पंखापेक्षा थोड्या कमी कोनात बसवलेला. आजही रबरावर चालणारे प्रत्येक विमान याच दोन गोष्टींवर तगते, आणि शेपटीच्या कोनात अंशभर फरक पडला तरी उड्डाण बिघडते. त्या काळी स्प्रूस, पाइन, बांबू ही लाकडे वापरली जात. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत बाल्सा या कामात आले आणि त्याने बाकीच्यांना मागे टाकले. 1926 मध्ये पॉल गिलो यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये कंपनी सुरू केली आणि ती पुढे बाल्साचे संच बनवू लागली. 1927 साली लिंडबर्ग या वैमानिकाने अटलांटिक ओलांडल्यावर मुलांमध्ये विमानांचे वेडच पसरले. 1928 पासून वेकफील्ड करंडकासाठी रबरावर चालणाऱ्या विमानांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरू लागल्या. बंदिस्त सभागृहात उडणाऱ्या आजच्या स्पर्धा-विमानांचा सांगाडा, रबर वगळता, जेमतेम दीड ग्रॅमचा असतो आणि ती अर्ध्या तासाच्या आसपास हवेत राहू शकतात. भारतात राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात एरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचाच भाग असल्यामुळे महाराष्ट्रातल्या अनेक विद्यार्थ्यांच्या हाती बाल्सा पहिल्यांदा येते ते तिथे. अलीकडे अभियांत्रिकी महाविद्यालयांतले गट विमान-रचनेच्या स्पर्धांसाठी बाल्साचे पंख बांधतात. दोन्ही ठिकाणी वेळ कमी आणि लाकूड महाग असते, त्यामुळे चूक झाली की तो भाग फेकून नवा करावा की आहे तोच सावरावा, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात उभा राहतो.

याचे उत्तर द्यायला एक कसोटी लागते. झालेली चूक हवेला जाणवणार आहे का, हे आधी ठरवावे. पंखाचा पीळ, शेपटीचा चुकलेला कोन, धडाचा बाक या आकाराच्या चुका हवेला पहिल्या सेकंदाला जाणवतात. त्या मुळापासून सुधाराव्याच लागतात, वरून कितीही गोंद किंवा रंग चढवला तरी त्या झाकल्या जात नाहीत. कच्चा सांधा किंवा चिरलेला स्पार (पंखात लांबवर जाणारी मुख्य पट्टी) ही ताकदीची चूक. ती तुलनेने सोपी, कारण तिथे काहीतरी जोडून भागते. वजनाची चूक मात्र सर्वांत वाईट : सांडलेला गोंद, जड लाकूड, जाड रंग यांतले फारसे काही नंतर काढता येत नाही. आणि दिसण्याची चूक, म्हणजे कागदावरची सुरकुती, रिबेवरची (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या पट्टीवरची) ब्लेडची खूण, रंगाचा ओघळ, ही तशीच राहू दिली तरी चालते. नवशिके नेमके उलटे करतात. सुरकुतीवर तास घालवतात आणि पीळ ‘उडताना बघू’ म्हणून सोडून देतात. बहुतेक पहिली विमाने या चुकलेल्या प्राधान्यामुळे पडतात. कौशल्य कमी असणे हे त्यामानाने किरकोळ कारण आहे.

बांधणीची पहिली चूक लाकूड निवडतानाच होते. एक मीटर लांब, 10 सेंटिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटर जाड अशा शीटचे वजन 15 ग्रॅम असू शकते आणि 30 ग्रॅमही. दिसायला दोन्ही सारख्याच. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा आता स्वस्तात मिळतो. प्रत्येक शीट त्यावर ठेवून तिच्या कोपऱ्यात पेन्सिलीने वजन लिहून ठेवावे. हलक्या शीट शेपटीसाठी, मध्यम रिबांसाठी आणि जड, ताठ लाकूड स्पारच्या पट्ट्यांसाठी राखावे. वजनाइतकाच महत्त्वाचा आहे तो ओंडक्यातून शीट कोणत्या दिशेने कापली आहे हा मुद्दा. एका प्रकारच्या कापात शीट आडवी सहज वळते. धडाच्या गोलाईवर ती छान बसते, पण तिची रिब केली तर ती लुळी पडते. दुसऱ्या कापात पृष्ठभागावर माशाच्या खवल्यांसारखे चकाकणारे ठिपके दिसतात. ही शीट आडवी ताठ असते, सहसा वाकत नाही, म्हणून रिबा आणि शेपटीचे सपाट भाग तिचे करावेत. तीच गोलाईवर वळवायला गेले की ती चिरते, आणि हात आडदांड आहे अशी बांधणाऱ्याची उगीचच समजूत होते.

धडाच्या दोन्ही बाजूंना लांबवर जाणाऱ्या पट्ट्या, म्हणजे लाँजेरॉन, सारख्याच ताठ असाव्या लागतात. डावीकडची पट्टी कडक आणि उजवीकडची मऊ असेल तर टेबलावर अगदी सरळ बांधलेले धड टाचण्या काढताच मऊ बाजूला केळ्यासारखे वळते. पट्ट्यांचे एक टोक टेबलाच्या कडेवर दाबून दुसरे मोकळे सोडावे आणि टोकावर सारखे वजन ठेवून कोणती किती झुकते ते पाहावे. सारख्या झुकणाऱ्या पट्ट्यांची जोडी लावावी. हे न करता धड वळलेच, तर बाहेरून दाबून उपयोग होत नाही. आडव्या काड्यांचे सांधे एकेक करून सोडवावेत, वळलेल्या पट्ट्या ओल्या फडक्याने पुसून धड पुन्हा आराखड्यावर टाचावे, रात्रभर वाळू द्यावे आणि मगच आडव्या काड्या नव्या मापाने चिकटवाव्यात.

आराखडा मऊ पाटावर पसरून त्यावर प्लॅस्टिकचा पातळ कागद घालतात आणि प्रत्येक पट्टी टाचण्यांनी जागेवर धरून बांधणी करतात. पाट सपाट नसेल तर त्याचा बाक थेट पंखात उतरतो, म्हणून काचेचा तुकडा किंवा पोलादी पट्टी लावून तो आधी तपासावा. टाचणी शक्यतो पट्टीतून आरपार टोचू नये. दोन्ही बाजूंना तिरप्या टाचण्या लावून पट्टी मध्ये धरावी. अरुंद स्पारला टाचणीचे भोक पडले की तो पुढे नेमका तिथेच मोडतो.

या टप्प्यावरची एक चूक जगभर सर्वत्र होते : दोन डावे पंख बांधले जातात. अनेक आराखड्यांत एकाच बाजूचा पंख छापलेला असतो. बांधणारा त्यावर एक पंख करतो, तो उचलतो, आणि त्याच रेषांवर दुसरा करतो. दोन्ही शेजारी ठेवले की पुढची गोल कड एकाची पुढे आणि दुसऱ्याची मागे येते. धडाच्या बाजूंचेही असेच होते. आतून लावायची जाड शीट दोन्हींना एकाच अंगाने लागते. यावरचा जुना उपाय म्हणजे कागदाला मागून थोडे गोडेतेल चोळणे. कागद पारदर्शक होतो आणि तो उलटून दुसऱ्या बाजूचा पंख बांधता येतो. झेरॉक्सच्या दुकानात उलटी प्रतही काढून मिळते, फक्त तिचे माप मूळ प्रतीशी पट्टी लावून जुळवावे, कारण यंत्रात कागद एक-दोन टक्के लहानमोठा होऊ शकतो. चूक होऊनच गेली तर सगळा पंख टाकण्याची गरज नसते. पंखाचा तळ सपाट असेल तर पुढची आणि मागची कड ब्लेडने सोडवावी, रिबा स्पारवरून सुट्या कराव्यात आणि त्याच रिबा उलट्या क्रमाने नव्या स्पारवर बसवाव्यात. एवढ्याने वाया जाते ते फक्त तीन पट्ट्यांचे लाकूड.

कापताना तुकडा आखूड होणे ही रोजची गोष्ट आहे. आखूड तुकडा आणि पट्टी यांच्यातली फट गोंदाने बुजवण्याचा मोह होतो आणि तो टाळलाच पाहिजे. गोंदाचे वजन बाल्साच्या कितीतरी पट असते, वाळताना तो आकसतो आणि शेजारच्या रिबा ओढून घेतो. फटीत बाल्साचीच पातळ कपची, तंतूंची दिशा जुळवून, बसवावी आणि वरचा भाग घासून घ्यावा. कोणता गोंद कुठे वापरायचा, यातही गफलती होतात. फेविकॉलसारखा पांढरा गोंद सावकाश वाळतो, चुकलेला तुकडा हलवायला सवड देतो, आणि पाणी उडून गेल्यावर हलका होतो. पण त्यात पाणी असते, म्हणून रुंद शीटला तो पसरून लावला की शीट पिळते. फेविक्विकच्या जातीचा गोंद क्षणात धरतो. मात्र त्याला घट्ट बसलेला सांधा लागतो, फट तो भरत नाही, आणि तुकडा वाकडा लागला तर वाकडाच राहतो. त्याच्या वाफा डोळ्यांना झोंबतात, त्यामुळे खिडकी उघडी हवी. अराल्डाइटसारखा दोन नळ्यांचा गोंद जड. तो मोटरच्या मागची प्लायवूडची भिंत आणि चाकांची तार एवढ्यापुरता राखून ठेवावा.

वाकडा लागलेला सांधा उचकटण्याआधी गोंद कोणता ते आठवावे. पांढरा गोंद उष्णतेने मऊ पडतो. इस्त्रीचे टोक काही सेकंद टेकवले की ब्लेड आत शिरते. क्षणात धरणारा गोंद ॲसिटोनने सुटतो. दोन नळ्यांच्या गोंदालाही उष्णता लागते, पण तिथे आजूबाजूचे बाल्सा करपण्याची भीती अधिक. काहीच जमेना तर पातळ ब्लेडने सांध्यातूनच कापावे आणि गेलेल्या अर्ध्या मिलिमीटरच्या जागी कपची घालावी. जोर लावून ओढले की सांधा राहतो बाजूला आणि रिब मध्येच फाटते, कारण नीट चिकटलेला सांधा बाल्सापेक्षा मजबूत असतो.

आता पीळ. बांधणीतल्या सगळ्या चुकांमध्ये सर्वांत जास्त विमाने याने पडतात, म्हणून त्याचा विचार सविस्तर केला पाहिजे. पंख हातभर दूर धरून मागच्या कडेने पुढच्या कडेकडे पाहावे. मधल्या भागात दोन्ही कडा एका रेषेत आणल्यावर टोकालाही त्या एका रेषेत दिसल्या पाहिजेत. एका टोकाला पंखाची खालची बाजू डोकावत असेल आणि दुसऱ्या टोकाला नसेल, तर पीळ आहे. 10 सेंटिमीटर रुंदीच्या पंखाची मागची कड टोकाला 3 मिलिमीटर खाली गेली तर तिथला कोन पावणेदोन अंशांनी वाढतो. आकडा छोटा वाटतो, पण त्या बाजूची उचल वाढून विमान दुसऱ्या अंगावर कलते, वळते आणि घिरट्या घेत खाली येते. पुष्कळजण यावर वर जाणाऱ्या टोकाला मातीची गोळी चिकटवतात. मंद गतीला विमान सरळ जाते आणि काम झाले असे वाटते. रबराचा पहिला जोर मिळून वेग वाढला की ते पुन्हा कलते. पिळातून येणारी उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि गोळीचे वजन आहे तेवढेच राहते. दोन्हींचा मेळ एकाच वेगाला बसतो. म्हणून पीळ पिळानेच काढावा लागतो.

पद्धत अशी. किटलीत पाणी उकळत ठेवावे. पंख दोन्ही हातांनी धरून बिघडलेला भाग वाफेवर, चोचीपासून वीतभर अंतरावर, पुढेमागे हलवावा. पंधरावीस सेकंदांत लाकूड आणि त्यावरचा कागद सैल पडल्याचे बोटांना जाणवते. मग उलट दिशेने, हव्या असलेल्या मापापेक्षा थोडे जास्त पिळून, वाफेतून बाहेर काढावे आणि पूर्ण गार होईपर्यंत तसेच धरून ठेवावे. गार होण्याआधी सोडले तर सगळे श्रम फुकट. त्यानंतर पंख सपाट पाटावर टाचून रात्रभर ठेवावा आणि सकाळी पुन्हा पाहावा, कारण थोडा पीळ परत येतो आणि दुसरा हात द्यावा लागतो. प्लॅस्टिकच्या आवरणाच्या पंखाला वाफेऐवजी गरम हवा किंवा इस्त्री देतात, तत्त्व तेच. एक पीळ मात्र मुद्दाम ठेवायचा असतो : दोन्ही टोकांची मागची कड दोन-तीन मिलिमीटर वर. त्यामुळे वेग कमी झाला तरी टोकाची उचल शेवटपर्यंत टिकते आणि विमान एकाएकी एका अंगावर पडत नाही. हा पीळ दोन्हीकडे सारखा हवा. पंख वाळताना दोन्ही टोकांना मागच्या कडेखाली एकाच जाडीच्या पट्ट्या ठेवल्या की तो आपोआप येतो.

पीळ येतो तो बहुधा आवरण चढवताना. सांगाड्यावर पातळ कागद ताणून चिकटवतात, त्यावर पाण्याचा फवारा मारतात आणि नंतर डोप, म्हणजे कागद ताठ करणारे रोगण, लावतात. कागद दोन्ही वेळा आकसतो. वरच्या बाजूला दोन हात आणि खाली एकच दिला, किंवा एक पंख मोकळा लटकवून वाळवला, की हलका सांगाडा त्या ओढीपुढे नमतो. दोन्ही बाजूंना लागोपाठ सारखाच हात द्यावा आणि डोप सुकेपर्यंत पंख पाटावरून काढू नये. कागदाचे तंतू पंखाच्या लांबीच्या दिशेने ठेवले तर रिबांमधला झोल कमी होतो. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात हे काम करणे शहाणपणाचे नाही. दमट हवेत डोपमधला द्रव उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतले पाणी त्यावर धरते आणि पांढरट डाग उमटतात. शिवाय आज ताठ वाटलेला कागद उद्याच्या सरींबरोबर ढिला पडतो. डाग पडलेच तर कोरड्या दिवशी त्यावर थिनरचा हलका हात फिरवावा, बहुतेक वेळा ते निघून जातात. सांगाडा जूनमध्ये बांधावा आणि आवरण दसऱ्यानंतर चढवावे, हा किनाऱ्यावरच्या बांधणाऱ्यांसाठी सोयीचा क्रम आहे.

वजनाचे गणित शेपटीकडून सुरू होते. समजा तोल साधायचा बिंदू पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आहे. तिथून शेपूट 45 सेंटिमीटर मागे आणि नाक 15 सेंटिमीटर पुढे असेल, तर शेपटीत पडलेल्या एका जादा ग्रॅमसाठी नाकात तीन ग्रॅम भरावे लागतात. एका ग्रॅमची चूक अशी चार ग्रॅमची होते. चाळीस ग्रॅमच्या विमानात हा दहावा हिस्सा झाला. म्हणूनच शेपटीचे लाकूड सर्वांत हलके निवडायचे, तिथला गोंद टाचणीच्या टोकाने लावायचा आणि दुरुस्तीसुद्धा हात राखून करायची. शेपूट जड झालीच असेल तर नाकात शिसे कोंबण्याआधी शेपटीतले काय काढता येईल ते पाहावे. जाड कडा घासून पातळ करता येतात, सपाट शीटला खिडक्या पाडून वर कागद लावता येतो. घासताना तोंडाला रुमाल किंवा मास्क असावा. बाल्साची धूळ बारीक असते. पॉलिश पेपर नुसत्या बोटांनी धरला तर रिबांच्या मधली शीट खोल जाते, म्हणून तो नेहमी लाकडी ठोकळ्यावर ताणून वापरावा.

मोडतोड झाल्यावरची दुरुस्ती हा वेगळा अभ्यास आहे. पंख वर उचलला जातो तेव्हा वरचा स्पार दाबला जातो, खालचा ताणला जातो, आणि दोघांना एकमेकांपासून सरकू न देण्याचे काम मध्ये उभ्या तंतूंनी बसवलेल्या पातळ पट्ट्या करतात. या पट्ट्या अनेकदा विसरल्या जातात, किंवा आडव्या तंतूंनी लावल्या जातात आणि पहिल्याच जोराच्या वळणात पंख मिटतो. आवरण चढवण्याआधी लक्षात आले तर अर्ध्या तासाचे काम असते. तुटलेला स्पार टोकाला टोक भिडवून चिकटवला तर पुन्हा तिथेच तुटतो. दोन्ही टोके तिरपी कापावीत, आणि उतार जाडीच्या निदान आठपट असावा : 3 मिलिमीटरच्या पट्टीला 24 मिलिमीटर. सांध्याच्या अंगाला बाल्साची किंवा पातळ बांबूच्या कामटीची जोडपट्टी लावता येते, मात्र तिची टोके निमुळती करावीत. जाड प्लायवूडचा ठोकळा लावून ‘आता मोडतच नाही’ असे म्हणणाऱ्याचा पंख पुढच्या खेपेस ठोकळ्याच्या कडेलाच मोडतो. जुन्या विरलेल्या धोतराला कोऱ्या मांजरपाटाचे ठिगळ लावले की कापड ठिगळाच्या शिवणीशी फाटते, तसाच हा प्रकार. दुरुस्त भाग शेजारच्या भागाइतकाच लवचीक असावा. मोडलेल्या रिबेला तर याहून कमी लागते. तिच्या शेजारी, स्पारपर्यंत पोहोचेल एवढी, नव्या शीटची अर्धी रिब चिकटवली की पुरते.

पहिल्या उड्डाणात दिसणारा दोष आणि बांधणीतली चूक यांचा संबंध नीट लावावा लागतो. उंच गवतावर, वारा नसताना, विमान हाताने सरळ पुढे सोडावे. नाक वर करून थबकले आणि खाली आदळले तर तोल मागे आहे किंवा शेपटीचा कोन चुकला आहे. दोन्हींचे लक्षण एकच असल्यामुळे आधी तोलाचा बिंदू बोटांवर तपासावा आणि तो आराखड्याप्रमाणे असेल तरच शेपटीला हात लावावा. एका वेळी एकच बदल करावा, आणि तोही कागदाच्या जाडीएवढा. विमान हाताने नीट घसरत गेले, पण रबराच्या जोरावर नाक वर काढत असेल, तर पंख आणि शेपटीला धक्का लावू नये. पंख्याचा आस दोन-तीन अंश खाली झुकवावा. बरीच चांगली विमाने इथेच बिघडवली जातात, कारण उड्डाणाच्या वेळी घाई असते आणि तीन गोष्टी एकदम बदलल्या जातात.

सहज दुरुस्त होणारी रचना हाच एक मोठा गुण आहे, हे पॉल मॅक्रेडी यांच्या कामाइतके स्पष्ट क्वचितच कुणी दाखवले असेल. लहानपणी मॉडेल विमानांच्या राष्ट्रीय स्पर्धा गाजवलेल्या या अमेरिकन अभियंत्याने 1977 मध्ये ‘गॉसमर कॉन्डॉर’ या माणसाच्या पायांच्या जोरावर उडणाऱ्या विमानासाठी क्रेमर पारितोषिक मिळवले. इतर गटांची विमाने देखणी आणि काटेकोर होती, पण आपटली की दुरुस्तीला महिने लागत. मॅक्रेडींनी ॲल्युमिनियमच्या पातळ नळ्या, मायलरचा पडदा आणि तारा यांतून असे विमान उभे केले की पडल्यावर ते लवकरच पुन्हा उडायला तयार होई. त्यामुळे त्यांना चाचण्या अधिक घेता आल्या आणि रचना तेवढीच सुधारत गेली. बाल्साच्या छोट्या विमानालाही हे लागू आहे. पंख धडाला गोंदाने पक्का न करता रबरबँडने बांधला तर आपटल्यावर तो निसटतो, मोडत नाही. शेपूट सुटी ठेवली तर तिचा कोन बदलता येतो.

प्रत्येक भाग वाचवलाच पाहिजे असा मात्र हट्ट नसावा. दुरुस्तीनंतर एका पंखाचे वजन दुसऱ्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वाढणार असेल, किंवा वाफ दोन-तीनदा देऊनही पीळ परत येत असेल, तर लाकूडच थकलेले आहे असे समजून नवा पंख करावा. टाकायच्या पंखातल्या धड राहिलेल्या रिबा, तार, काड्या काढून ठेवाव्यात. पुढच्या दुरुस्तीला लागणाऱ्या कपच्या त्यातूनच मिळतात.

पहिल्यांदा हात घालणाऱ्याने साधारण 45 ते 60 सेंटिमीटर पंखविस्ताराचे, सपाट तळाच्या पंखाचे, रबरावर चालणारे किंवा नुसते हाताने सोडायचे विमान निवडावे. लढाऊ विमानाची हुबेहूब प्रतिकृती नंतरसाठी ठेवावी. तिचे पंख लहान आणि वजन जास्त असल्यामुळे छोटी चूकही ती सहन करत नाही. आराखड्याची एक जादा प्रत काढावी, ब्लेडचे पूर्ण पाकीट घ्यावे आणि धार गेली की ब्लेड लगेच बदलावे. यादीत लिहिलेल्यापेक्षा दोन शीट जास्त आणाव्यात. त्या लागतातच.